सील बदलण्याआधी नळी तपासा

मा. संपादक,

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागले की तेल अडवणारे रबरी ‘सील गेले’ एवढेच निदान करून ते बदलले जाते. ते का गेले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. धूळ रोखणाऱ्या बाहेरच्या डस्ट सीलखाली शिरलेला वाळूचा एखादा कणदेखील आतल्या, तेल अडवणाऱ्या ऑइल सीलची कड किंचित उचलून धरतो. अशा वेळी डस्ट सील जागेवरून सरकवून प्लॅस्टिकची पातळ, गुळगुळीत पट्टी त्या कडेखालून फिरवली, तर कचरा निघून गळती पुष्कळदा थांबते.

नाहीच थांबली, तर शॉकॲब्सॉर्बरच्या ज्या क्रोम चढवलेल्या नळीवर सील घासते, तिच्यावरून नख फिरवून पाहावे. क्रोमवर गंजाचे ठिपके किंवा नख अडकेल असा ओरखडा असेल, तर नवे सीलही लवकरच फाटणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. किरकोळ खडबडीतपणा अगदी बारीक पॉलिशपेपरने जातो. खोल खड्डे असल्यास नळी बदलणे किंवा तिच्यावर पुन्हा क्रोम चढवणेच इष्ट. म्हणून काढलेले सील आणि नळी ग्राहकाला दाखवूनच काम पुढे न्यावे, असा आग्रह प्रत्येकाने धरायला हवा. नवे तेलही अंदाजाने न ओतता, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे आणि दोन्ही बाजूंना सारख्या पातळीचे भरावे.

गळलेले तेल पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर पोहोचले असेल, तर प्रश्न थेट जिवाचा होतो. ही डिस्क ‘ब्रेक क्लीनर’ने स्वच्छ करता येते. तेल मुरलेले ब्रेकचे पॅड मात्र बदलावेच लागतात आणि तोवर गाडी रस्त्यावर आणू नये.

– एक दुचाकीस्वार