मंत्रीसाहेब, गर्भपिशवी देणाऱ्या बाईची फाईल कुठे असते?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

माझ्या मावसबहिणीला जन्मापासून गर्भपिशवीच नाही, साधारण पाच हजार मुलींत एकीचं असं असतं. मावशी तिला स्वतःची पिशवी द्यायला तयार आहे. वय 47, पोळीभाजी केंद्र चालवते. डॉक्टरांकडे गेलो तर पाऊण तास बोलणं झालं आणि सगळं बहिणीचंच, गोळ्या कुठल्या, बाळ कधी. मावशीच्या वाट्याला एकच वाक्य आलं, "नाहीतरी तुम्हाला आता तिचा काय उपयोग?" मावशी हसली, माझ्या मात्र डोक्यात गेलं ते.

साहेब, आपल्याकडे पिशवी काढणं म्हणजे दात काढल्यासारखं झालंय (बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवा). पण दान करायची पिशवी काढणं हे ते नेहमीचं ऑपरेशन नाहीच मुळी. पिशवीबरोबर तिच्या रक्तवाहिन्या पण लांबपर्यंत काढाव्या लागतात आणि त्या नाजूक शिरा मूत्रवाहिनीला वेलीसारख्या वेढलेल्या असतात, त्या सोडवण्यातच तासन् तास जातात. स्वीडनमध्ये 2012-13 मध्ये 9 जणींची ऑपरेशनं केली तेव्हा एकेक 10 ते 13 तास चाललं, एकीच्या मूत्रवाहिनीला भोक पडून लघवी योनीतून गळायला लागली, परत ऑपरेशन. अमेरिकेत डॅलसला 18 जिवंत दात्यांपैकी 4 जणींना परत काहीतरी प्रोसिजर करावी लागेल इतका त्रास झाला. आणि तिथल्या 20 पिशव्यांपैकी (मृत दात्यांच्या दोन धरून) 6 टिकल्याच नाहीत. म्हणजे आईने पोट चिरून घ्यायचं आणि पोरीच्या हाती काहीच नाही, ते मनाला किती लागत असेल!

पुण्यात मे 2017 मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, तिथे दुर्बिणीने पिशवी काढली, वेळ बराच वाचला, चांगलंच आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये आजीच्या पिशवीतून नात जन्मली, पेपरभर फोटो. आजीची बातमी तिथेच संपली.

किडनीने जीव वाचतो हो, पिशवीने वाचत नाही, एक-दोन बाळं झाली की ती परत काढूनच टाकतात. मग देणारीला निदान खरं काय ते कळायला नको का? तिच्यासाठी वेगळा डॉक्टर द्या, मुलीच्या टीममधला नको. पुढची पाच-दहा वर्षं तिची तपासणी हॉस्पिटलच्या खर्चाने व्हावी आणि किती जणींना काय झालं ते नोटोने (अवयवदानाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) दरवर्षी नाव न देता सगळ्यांसमोर मांडावं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने अवयव दिला तर 42 दिवसांपर्यंत रजा मिळते, मावशीच्या तव्याला कोण देणार?

बहिणीला बाळ व्हावं असं मलाही वाटतं. पुढच्या महिन्यात मावशीच्या तपासण्या आहेत, त्याआधी उत्तर आलं तर बरं, नाहीतर ती न वाचताच सही करून मोकळी होईल.

आपली,
एक भाची