बातमी डिस्चार्जपाशीच का थांबते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आईने मूत्रपिंड देऊन दहा-बारा वर्षांच्या मुलाला जीवदान दिल्याची बातमी, डॉक्टरांच्या पथकाच्या छायाचित्रासह, आपल्या अंकात अधूनमधून येते. त्या माउलीबद्दल आणि शल्यचिकित्सकांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो, की ही बातमी मूल घरी जाते त्या दिवशी संपते, आणि ज्या संशोधनावर अशा मुलांचे पुढचे आयुष्य अवलंबून असते त्याला क्वचितच जागा मिळते.

माझ्या मुलीला चौथ्या वर्षी नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीवाटे प्रथिने वाहून जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार, झाला. सकाळी डोळे सुजत, ती अ‍ॅलर्जी समजून आम्ही दोन आठवडे थेंब घालत राहिलो. पुढे सहा वर्षे रोज पहिली लघवी काचेच्या नळीत घ्यायची, त्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे आणि वहीत ‘निल’, ‘ट्रेस’ किंवा ‘तीन प्लस’ लिहायचे, हा माझा नेम होता. नळीत नासलेल्या दुधासारखा साका सलग तीन दिवस दिसला, की पुन्हा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, पुन्हा सुजरा गोल चेहरा, खुंटलेली उंची आणि शाळेतली चिडवाचिडवी.

हे औषध पहिल्या खेपेला किती दिवस द्यावे, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण त्याचे उत्तर मिळायला अर्धे शतक लागले. साठच्या दशकात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून आठ आठवड्यांचा क्रम रूढ झाला, ऐंशीच्या दशकात जर्मनीतील डॉक्टरांना बारा आठवडे बरे वाटले आणि मग जितका लांब कोर्स तितके चांगले, असा समज पसरला. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की तीन महिन्यांऐवजी सहा महिने औषध दिल्याने आजार उलटणे कमी होत नाही. ब्रिटनमध्ये २३७ मुलांवर झालेल्या चाचणीनेही २०१९ मध्ये सोळा आठवड्यांच्या कोर्सबद्दल तेच सांगितले. लेकरांच्या पोटात न गेलेल्या त्या गोळ्यांचे छायाचित्र काढता येत नाही, एवढीच काय ती अडचण!

रक्तदाबाचेही तसेच. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार असलेल्या युरोपातील ३८५ मुलांच्या अभ्यासात (२००९), रामिप्रिल हे रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या ज्या मुलांचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवला, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांची मूत्रपिंडे पाच वर्षांत निम्म्याने खालावली किंवा निकामी झाली. नेहमीच्या पातळीवर ठेवलेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. इकडे आमच्या भागातील एका दवाखान्यात मुलीच्या काडीएवढ्या दंडाला मोठ्यांचा पट्टा दीड वेढा गुंडाळून रक्तदाब मोजला गेला, आणि पट्टा मोठा असला की आकडा खोटा, कमी येतो.

प्रत्यारोपणाच्या बाबतीत तर संशोधनाचा थेट संबंध दात्याशी येतो. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या नेफ्रॉटिकच्या काही मुलांत तोच आजार नव्या मूत्रपिंडावर, कधी कधी काही दिवसांतच, उलटतो. पोडोसिनसारख्या जनुकातील दोषामुळे आजार झालेला असेल, तर मात्र तो सहसा परतत नाही. आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी मुलाची जनुकीय तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ म्हणतात ते याचसाठी. आणि पंधरा-सोळाव्या वर्षी, बरे वाटू लागल्यावर, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या चुकवणारी मुले हा जगभरच्या प्रत्यारोपण केंद्रांपुढचा प्रश्न आहे. आईने दिलेले मूत्रपिंड त्या वयात गमावले जाते, तेव्हा बातमी येत नाही.

माझी विनंती दोन गोष्टींपुरती आहे. ज्या मुलाची बातमी आपण छापता, त्याच्या कुटुंबाची संमती असेल तर एका वर्षाने आणि पुन्हा पाच वर्षांनी आपला वार्ताहर त्याच्याकडे जावा. तेव्हा त्याची उंची किती वाढली, औषधांचा महिन्याचा खर्च किती, शाळा सुटली का, हे विचारावे. तसेच मुंबई, पुणे, नागपूर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडून अठरा वर्षांखालील प्रतीक्षार्थींची संख्या वेगळी मागवून, मोठ्यांच्या आकड्यात न मिसळता, ती मार्चमधील जागतिक मूत्रपिंड दिनाच्या अंकात दरवर्षी छापावी.

आपला,
एक पालक, सातारा