सुई माझ्याच हातात राहू दिलीत, काकू

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "बघू, तुझं विणकाम कुठवर आलंय" असं म्हणून विषय बदलता, हे आम्हां चौघींना आता पाठ आहे. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय प्रत्येक मैत्रमंडळात तुमच्यासारखं एखादं माणूस असतं, पिशवीत जास्तीची सुई घेऊन येणारं, आणि त्याला कोणी थांबून काही म्हणत नाही. त्यांच्यापर्यंतही हे पोचलं तर बरं.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार तुम्हाला आठवते का? आम्ही चौघी तुमच्या लेकीच्या खोलीत जमलो होतो. शाळेपासूनच्या मैत्रिणी, पण भेटींतला जीव निघून गेला होता. आपापल्या नोकऱ्यांबद्दल तक्रार करायची, फोनमधले फोटो एकमेकींना दाखवायचे आणि घड्याळ बघत उठायचं. तुम्ही आत आलात, फिकट पिवळ्या जाड लोकरीचे चार गुंडे आणि क्रोशाच्या चार सुया पलंगावर ठेवल्यात आणि म्हणालात, "बोला की गं, बोला. पण हात कशाला रिकामे?"

पिवळीच का, हे मी तेव्हा विचारलं होतं. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत, शिकताना फिकट घ्यायची, असं तुम्ही सांगितलंत. पहिला तास नुसती साखळी घालण्यात गेला. पुढच्या भेटीत मुका खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका आला, आणि मग गोल.

त्या गोलाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्यासाठी सगळं तिथून सुरू झालं. पहिल्या फेरीत सहा मुके खांब, दुसऱ्या फेरीत बारा, तिसऱ्यात अठरा, चौथ्यात चोवीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. मी मात्र दर फेरीला प्रत्येक टाक्यात दोन-दोन घालत गेले. सहाचे बारा, बाराचे चोवीस, चोवीसचे अठ्ठेचाळीस. चौथ्या फेरीनंतर माझा गोल टेबलावर सपाट बसेना. कडेला झालर धरली, ती दाबली की दुसरीकडून वर यायची. रडकुंडीला येऊन मी तो तुमच्यापुढे धरला आणि म्हणाले, "काकू, तुम्हीच नीट करून द्या ना."

तुम्ही तो हातात घेतला नाहीत. आपल्या पिशवीतून आपली लोकर काढलीत, माझ्या शेजारी सरकून बसलात आणि म्हणालात, "सुई तुझ्याच हातात राहू दे. मी माझ्यावर करून दाखवते. मोज."

मी मोजलं. चूक मलाच सापडली.

आमच्यातली गणित शिकवणारी मैत्रीण तेव्हा उठून माझ्याजवळ आली, आणि सहाच का याचं उत्तर तिने दिलं. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. म्हणजे प्रत्येक फेरीला त्रिज्या एका टाक्याएवढी वाढते. त्रिज्या एकने वाढली की परीघ दोन पायने (२π) वाढतो, आणि २π म्हणजे साधारण ६.२८. म्हणून सहा! आणि पूर्ण खांब दुपटीच्या आसपास उंच असतो, म्हणून त्याच्या गोलात दर फेरीला बारा वाढवतात. तुम्ही चाळीस वर्षं हे हातानं करत होतात. त्यामागचं गणित ऐकताना तुमची सुई थांबली होती, ते मी पाहिलं.

तिने आणखी एक सांगितलं. टाके भराभर वाढवले की जी झालर येते, तिला भूमितीत नाव आहे: हायपरबोलिक पृष्ठभाग. त्या प्रकारच्या पृष्ठभागाचं टिकाऊ प्रतिरूप हातात धरता येईल असं कसं करायचं, हा प्रश्न दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली क्रोशाची सुई घेऊन सोडवला. कागदाची प्रतिरूपं फाटत, लोकरीचं मात्र दुमडून, उलगडून कितीही वेळा हाताळता येई. माझ्या हातात नकळत त्याच जातीचं काहीतरी तयार झालं होतं. तुम्ही म्हणालात, "मग उसवू नकोस हा. दुसरा घाल." तो झालरीचा गोल माझ्या टेबलावर आजही आहे, शेजारी सपाट गोलही आहे.

महिन्यातला एक रविवार बाहेर जाऊन काहीतरी नवं करायचं, ही कल्पनाही तुमचीच. तुमची अट एकच होती: आपल्यापैकी कोणालाच जे येत नाही ते निवडायचं. तेव्हा ती मला गंमत वाटली होती. पण चौघींत एक जण पटाईत असली की बाकीच्या तिघी तिच्या तोंडाकडे बघत बसतात, हे तुम्हाला आधीच कळलं होतं. जाण्याआधी तुम्ही कार्यशाळेत फोन करून चौकशी करायचात. एका चाकावर किती जणी बसणार? भांडं भाजून मिळणार का, आणि केव्हा? नखं कापून यायची का? त्या प्रश्नांमुळे आमचे किती रविवार वाया जाण्यापासून वाचले, ते आता स्वतः फोन करायला लागल्यावर समजतंय.

मातीचा दिवस. तिथल्या शिक्षकांचा हात फार सुंदर होता. माझा गोळा चाकावर डुगडुगायला लागला की ते मागून आपले हात माझ्या हातांवर ठेवायचे, आणि क्षणात गोळा शांत होऊन मध्यावर यायचा. दहा मिनिटांत माझ्यापुढे एक वाडगा उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हळूच त्यांच्याजवळ जाऊन म्हणालात, "वाडगा फार छान झालाय. आता हिला एक गोळा बिघडवायला द्याल का?"

त्यांनी दिला. कोपरं मांड्यांवर घट्ट टेकवायची, हात हलू द्यायचे नाहीत, मातीनं हाताला हलवायचं नाही, हातानं मातीला थांबवायचं. हे सगळं ऐकलेलं होतं, पण कळलं तिसरा गोळा कोसळल्यावर. चौथा गोळा मध्यावर आला तेव्हा चाक फिरत असूनही माती थांबल्यासारखी वाटली. तळव्याखाली काहीच हालचाल नाही. त्या वेळी माझ्या हातांवर दुसऱ्या कोणाचे हात नव्हते. तयार झालं ते बोटभर उंचीचं जाड बुडाचं भांडं. ते भाजून हातात यायला महिना गेला, कारण मातीला घाई चालत नाही. आधी सावकाश वाळायचं, मग हजार अंशांच्या आसपास पहिली भाजणी, मग झिलई, मग पुन्हा भट्टी. भट्टीत भांडी फुटतात ती आत अडकलेल्या हवेमुळे, असं मला वाटायचं. खरं कारण बहुतेक वेळा ओल असते. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. माझं भांडं परत आलं तेव्हा आकसून लहान झालं होतं, साधारण दहावा हिस्सा कमी. मी त्यात सुया ठेवते. तो सुंदर वाडगा कुठे आहे, मला आठवत नाही.

त्याच दिवसाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी आम्ही तुमच्याशी कधीच बोललो नाही. आमच्यातल्या एकीचे वडील त्याआधी महिन्याभरापूर्वीच गेले होते. ती आली, पण बोलत नव्हती. आम्ही दोघी सारख्या तिच्याजवळ जाऊन काहीतरी धीराचं बोलत होतो, आणि ती आणखी आक्रसत होती. तुम्ही तिच्या बाजूला स्टूल ओढून बसलात. तासभर तुमच्या तोंडून एवढंच आलं: "मातीला पाणी कमी पडतंय का गं?" ती पेल्याला कान लावत होती. दोन्हीकडे ओरखडे पाडून, मध्ये पातळ चिखल लावून, दाबून. कान निखळला. तिने पुन्हा लावला, पुन्हा निखळला. पेल्याचं अंग जास्त वाळलं होतं आणि कान ओला होता. दोन्ही सारखे ओलसर असले तरच जोड धरतो. तुम्ही हे तिला सांगितलंत, ओलं फडकं तिच्या पुढ्यात ठेवलंत आणि आपल्या मातीकडे वळलात. पेला फडक्यात गुंडाळून वाट बघत असताना ती बोलायला लागली. वडिलांबद्दल, दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीबद्दल, सगळं. तुमच्याकडे न बघता, हाताकडे बघत. तुम्ही ऐकलंत. मध्ये एकदाही तिचं वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत.

ते मला अजून नीट जमत नाही. पण निदान ते बघितलेलं तरी आहे.

निळीत कापड रंगवण्याच्या दिवसाचं फार लिहीत नाही, फोटोच इतके आहेत. पण ते पहिलं फडकं डेऱ्यातून वर काढल्यावर हिरवट-पिवळं निघालं आणि आम्ही चौघी एकदम गप्प झालो, तो क्षण मी विसरणार नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून डेऱ्यात तिचं रूप बदलावं लागतं, आणि वर आल्यावर हवा लागली की ती पुन्हा निळी होते. आमच्या डोळ्यांदेखत, घडीघडीतून, हिरव्यातून निळा उमटत गेला. कोणीतरी पाणी जोरात ढवळायला गेलं तेव्हा तुम्ही "अगं हळू, आत हवा जाईल" म्हणालात. तुम्हीही त्या दिवशी पहिल्यांदाच नीळ बघत होतात, पण शिक्षिकेचं बोलणं आमच्यापेक्षा नीट ऐकलं होतंत.

वही बांधण्याच्या रविवारी तुम्ही एकही वही पूर्ण केली नाहीत, कारण आमच्या पुठ्ठ्यांचा कल तपासण्यात तुमचा वेळ गेला. कागद कुठल्या बाजूनं सहज वाकतो ते आधी बघा, घडी त्या दिशेनं घाला, नाहीतर डिंक वाळल्यावर मुखपृष्ठ पोक काढतं. तेव्हाही फक्त बोट दाखवायचात. पुठ्ठा आम्हीच वाकवून बघायचा.

हे सगळं आता का लिहिते आहे, ते सांगते. गेल्या महिन्यात माझी आठ वर्षांची भाची माझ्याकडे राहायला आली होती. तिला क्रोशा शिकायचा होता. मी फिकट लोकर घेतली, जाड सुई घेतली आणि तिला पहिली गाठ दाखवली. एका साखळीला तिला वीस मिनिटं लागली. धागा बोटावरून निसटायचा, सुई उलटी धरली जायची. आणि काकू, माझे हात शिवशिवत होते! एका सेकंदाचं काम. घ्यावी सुई, घालावा टाका, द्यावी परत. शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्या वीस मिनिटांत मला कळलं, तुम्ही तीन वर्षं किती आवरून धरलं होतंत. तुम्हाला तर माझ्या दसपट चांगलं येत होतं. म्हणजे तुमचे हात किती शिवशिवले असतील. आम्हाला ते कधी दिसलंही नाही.

भाचीनं घातलेली साखळी हातभर लांब आहे, एक टाका सैल, एक घट्ट. ती कोणाला हात लावू देत नाही, रात्री उशाशी घेऊन झोपते.

आता थोडं पुढच्या रविवारचं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही दोन वेळा आला नाहीत आणि परवा फोनवर म्हणालात, "आता तुम्हीच जा गं, मला टाके मोजता येत नाहीत." आम्ही चौघींनी बसून ठरवलंय. पुढच्या वेळी विणायचा माग. लाकडी चौकटीचा, मांडीवर मावेल असा. आमच्यापैकी कोणालाच येत नाही, म्हणजे तुमची अट पाळली आहे. उभे धागे जाड सुतळीचे आणि विरळ घ्यायला सांगितलेत, म्हणजे डोळ्यांनी मोजायची गरज नाही, बोटांना कळतील. आडवा धागा धोट्यानं न्यायचा: एक वर, एक खाली, परत येताना उलट. तुमची जागा खिडकीजवळची ठेवली आहे. चाकाचा प्रश्न नाही, नखांचा प्रश्न नाही, तुमच्यासारखाच फोन करून सगळं विचारून घेतलंय.

फोन ठेवताना तुम्ही एक विचारलंत आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. "मला नाहीच जमलं, तर तू करून देशील ना?"

नाही, काकू. धोटा तुमच्याच हातात राहील. मी शेजारी बसेन आणि माझ्या मागावर करून दाखवेन.

तुमची,
लेकीची मैत्रीण, झालरीचा गोल घालणारी