मामा, हे चारचौघांत सांगायलाच हवं होतं

मामांना रामराम,

घरी येऊन माझे स्पीकर नीट मांडून दिलेत, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धा टाकून 'दुकान उघडं टाकून आलोय' म्हणत निघालात. मग आभार मानायचे कधी? म्हणून हे उघड पत्र.

मी आलो होतो नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा भाव विचारायला. आवाज मोठा होता, स्वच्छही होता, पण सगळं दोन डब्यांतून येतंय असं वाटायचं. गाणारा कुठे बसलाय, तबला कुठे, काही पत्ता नाही. तुम्ही किंमत सांगितलीच नाही. "पैसे कशाला घालवायलास? आधी खोली बघू दे," एवढंच म्हणालात. परभणीत काय, कुठल्याच बाजारात हातचं गिऱ्हाईक असं सोडणारा दुकानदार मी पाहिला नव्हता.

आल्या आल्या तुम्ही वायरी बघितल्या. रंगकामवाल्यांनी परत जोडताना एका स्पीकरची लाल-काळी उलट लावली होती. एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जायचा, त्यामुळे बास, म्हणजे खालचे सूर, पातळ आणि मधला आवाज विरघळलेला. ते लगेच झालं. खरा वेळ गेला तो पुढे.

शोकेसवरचे स्पीकर स्टुलांवर आले, ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. कोपऱ्यातून आणि भिंतीपासून हात-दीड हात पुढे, म्हणजे बास घुमायचा थांबला. मग सुतळी. दोन स्पीकरांमधलं अंतर सुतळीवर घेऊन गाठ मारलीत आणि तीच सुतळी प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीपर्यंत ताणून पाहिलीत. तिन्ही बाजू सारख्या. टेप माझ्याकडे होता, पण तुम्ही मागितलाच नाही.

आरशाचा प्रकार तर घरात अजून गाजतोय. मी खुर्चीत, पोरगा दाढीचा आरसा धरून डाव्या भिंतीला घासत सरकतोय. आरशात स्पीकर दिसला तिथे तुम्ही खडूची फुली मारलीत. आवाज तिथेच आपटून जरा उशिरा कानात शिरतो आणि थेट आवाजाची जागा पुसट करतो, हे तेव्हा कळलं. त्या फुलीवर आजीची जाड वाकळ टांगली, भिंतीपासून चार बोटं सोडून. खाली शहाबादी फरशीवर सतरंजी. "खालच्या सुरांवर वाकळेचा इलाज चालत नाही," हेही सांगून ठेवलंत. वाकळ भिंतीवर बघून बायको काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते बाबांच्या बाजेचं. ती डाव्या अंगाला, तिथून त्यांना डावाच स्पीकर ऐकू यायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक फूट जवळचा स्पीकर जवळपास एक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि कान त्याच बाजूला ओढला जातो. बाज हलवायची नाही, हे बाबांनी आधीच बजावलं होतं. तुम्ही दोन्ही स्पीकरांची तोंडं इतकी आत वळवलीत की त्यांच्या रेषा आमच्या पुढ्यातच एकमेकींना छेदाव्यात. आता डावा स्पीकर बाबांकडे तिरका बघतो, उजवा सरळ. जवळचा थोडा दबतो, लांबचा तेवढाच उठून येतो. खुर्चीत बसल्यावर आवाजाचं जे चित्र दिसतं, कोण कुठे बसलंय ते, तसं त्यांना दिसत नाही, पण गायक डाव्या डब्यातून निघून खोलीत आला, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. बाबा सहसा कशाचं कौतुक करत नाहीत.

त्या अर्ध्या चहावर तुम्ही अ‍ॅलन ब्लुमलाइनची गोष्ट सांगितलीत. त्या काळच्या सिनेमात नट पडद्यावर या टोकाचा त्या टोकाला गेला तरी आवाज एकाच जागेवरून येतो, हे या इंग्रज इंजिनिअरला खटकलं आणि १९३१ साली त्याने स्टिरिओच्या, म्हणजे दोन वाटांनी आवाजाची जागा दाखवायच्या पद्धतीच्या, पेटंटसाठी अर्ज केला. नंतर मी शोधून वाचलं, गोष्ट खरी निघाली. तुम्ही शिकवलेली परीक्षाही रोज घेतो: जुनं मोनो रेकॉर्डिंग लावायचं, दोन्हीकडून सारखंच येणारं गाणं बरोबर नाकासमोर उभं राहिलं पाहिजे. राहतं.

उजवीकडे मात्र भिंत नाही, दारच आहे. ते उघडं असलं की चित्र थोडं डावीकडे सरकतं. त्याचं काय करायचं ते बघायला या रविवारी दुकान बंद करूनच या. जेवण इथेच, आणि चहा पूर्ण प्यायचा.

आपला,
अ‍ॅम्प्लिफायर न घेतलेला गिऱ्हाईक