टू-डी इकोच्या सदोष रिपोर्टबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: वडिलांच्या हृदयतपासणीचा चुकीचा रिपोर्ट दिल्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांचा (वय ७४) टू-डी इको आपल्या केंद्रात झाला. त्यांची महाधमनीची झडप आखडल्याचं आधीपासून माहीत होतं. जिना चढताना धाप लागू लागली म्हणून तपासणी सांगितली होती. आपल्या रिपोर्टात मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) २६, ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) ६० टक्के आणि खाली 'मध्यम स्वरूपाचा एऑर्टिक स्टेनोसिस', म्हणजे महाधमनीची झडप मध्यम आखडलेली, असा शेरा आहे. झडपेचं क्षेत्रफळ दिलेलंच नाही. उंची, वजन, रक्तदाब हे रकाने कोरे आहेत. त्या शेऱ्यावरून आम्हाला सहा महिन्यांनी यायला सांगण्यात आलं.

धाप वाढतच गेली, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतः इको केला. ईएफ ३५ टक्के आणि क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंमी निघालं. मधल्या काळात आजार बळावला असेल, असं आपण म्हणाल. पण डॉक्टरांनी आपण दिलेली सीडीही लावून पाहिली. डावा कप्पा त्यातही जेमतेम आकुंचन पावताना दिसतो, मलासुद्धा दिसला. मग ६० टक्के हा आकडा कुठून आला?

हृदयच जोरानं रक्त ढकलत नसेल तर झडप कितीही अरुंद असो, ग्रेडियंट कमी येऊ शकतो. म्हणूनच ग्रेडियंट ४० या तीव्र आजाराच्या सीमेखाली आहे एवढंच पाहून 'मध्यम' लिहिण्याआधी क्षेत्रफळ आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त मोजायला हवं होतं. डोब्युटामिन (हृदयाला जोरानं आकुंचन पावायला लावणारं औषध) देऊन केलेल्या स्ट्रेस इकोत ग्रेडियंट ४४ वर गेला, क्षेत्रफळ मात्र ०.८ वरच राहिलं. आजार तीव्रच होता. अशा झडपेच्या रुग्णाचा ईएफ ५० च्या खाली गेला की झडप बदलण्याचा सल्ला देतात, मग त्रास असो वा नसो. माझ्या वडिलांना तर त्रासही होत होता.

माझ्या मागण्या अशा: त्याच चित्रफितींवरून पात्र हृदयरोगतज्ज्ञाकडून मोजमापांसह सुधारित रिपोर्ट द्यावा, ईएफ कोणत्या पद्धतीनं काढला ते लेखी कळवावं आणि तपासणीचं शुल्क परत करावं. त्या दिवशी तिथे तपासलेल्या झडपेच्या इतर रुग्णांचे रिपोर्टही पुन्हा पाहावेत, ही कळकळीची विनंती. त्यांच्यापैकी कुणी आज 'मध्यम' शेऱ्यावर निर्धास्त बसलेलं असू शकतं.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. दोन्ही रिपोर्ट, स्ट्रेस इकोचा अहवाल आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
रुग्णाची मुलगी