एबीएसवाली की बिनएबीएसची? आई-बाबांना पत्र

पुणे,
२२ जून

ती. बाबा व ती. सौ. आई यांना,
मंजूचा सा. नमस्कार.

मला घ्यायच्या जुन्या मोटारसायकलचा विषय फोनवर निघाला की बाबा एका बाजूने बोलतात, आई दुसऱ्या बाजूने, आणि मला सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आईचं म्हणणं, ही पुढे वाकून चालवायची गाडीच नको. बाबांचं म्हणणं, घ्यायचीच तर २०१८ची घे, वीस हजार वाचतील. एबीएसचं काय घेऊन बसलीस, ब्रेक आपल्या हातात असतो. दोन्ही गाड्या मी पाहिल्या, चालवल्या, आणि २०१९ची एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागच्या जागी अडकू न देणारी यंत्रणा असलेली, घ्यायचं ठरवलंय. का, ते आता सविस्तर सांगते.

दोन्ही यामाहाच्या आर-१५ आहेत, व्हर्जन थ्री. इंजिन तेच १५५ सीसीचं, पुढच्या ब्रेकची डिस्क तीच २८२ मिलिमीटरची, बसणंही तेच. हे मॉडेल २०१८च्या सुरुवातीला आलं तेव्हा त्याला एबीएस नव्हतं. जानेवारी २०१९मध्ये दोन्ही चाकांना एबीएस देऊन आलं आणि नवी गाडी साधारण बारा हजारांनी महागली. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे हा प्रश्न आता जुनी गाडी घेणाऱ्यालाच पडतो. त्या नियमात १२५पर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक चालत होता, माझ्या ॲक्टिव्हाला तोच आहे. त्यात एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक लॉक होत असेल, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरत असेल, तर तो काही करू शकत नाही.

बाबा, तुम्ही मला बजाज सुपरवर शिकवलंत तेव्हा पहिला धडा होता, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, पालथी होशील. आणि ओल्या रस्त्यावर पायाचा ब्रेकसुद्धा दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. त्या स्कूटरला तो धडा बरोबरच होता. लहान चाकं, ड्रम ब्रेक, सगळं वजन मागे. पण या गाडीला तो लावला तर मी थांबणारच नाही. जोरात ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. मग मागच्या ब्रेकने फार काही होत नाही, थांबवायचं बहुतेक काम पुढच्या डिस्कला करावं लागतं. स्पोर्ट्‌स बाइकमध्ये तर हे आणखी. दोन चाकांतलं अंतर कमी, सीट उंच, चालवणाऱ्याचं वजन मनगटांवर. पुढचा ब्रेक न वापरता ही गाडी चालवायची म्हणजे तिचा अर्धाअधिक ब्रेक फुकट घालवायचा.

आणि भीती वाटते ती त्याच पुढच्या ब्रेकची. मागचं चाक लॉक झालं तर गाडी मागून सरकते, बऱ्याचदा सावरता येते. पुढचं चाक लॉक झालं की हँडलचा ताबा जातो. चाक फिरायचं थांबलं म्हणजे वळवणंही थांबलं आणि तोल राखणंही. हात सैल करायचं सुचेपर्यंत माणूस खाली असतो.

एबीएस याच ठिकाणी मधे पडतं. चाकाशी भोकांची एक रिंग असते, तिच्याजवळ सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय ते तो सतत मोजतो. रस्त्यावरची गाडी एवढ्या झटकन मंदावूच शकत नाही इतक्या झटकन चाक मंदावलं, तर ते लॉक व्हायच्या बेतात आहे हे यंत्रणेला कळतं. ती तेवढ्यापुरता ब्रेक ऑइलचा दाब कमी करते, चाक फिरलं की पुन्हा वाढवते, एका सेकंदात कितीतरी वेळा. बाबा, हे तुमचंच दाबणं-सोडणं आहे. फक्त ते दोन्ही चाकांना वेगवेगळं होतं, आणि घाबरलेल्या माणसाला जमणार नाही इतक्या भराभर होतं.

तुम्ही म्हणाल, मी आयुष्यभर एसटी चालवली, एबीएस नव्हतं, आमचं काय अडलं? तुमचा हात मला माहीत आहे. खंबाटकी उतरताना तुम्ही गिअरवर गाडी धरायचात, ब्रेकला पाय कधी लावला ते प्रवाशांना कळायचंही नाही. पण तो हात घडायला तीस वर्षं लागली, आणि तुमच्याखाली सहा चाकं होती. माझी दोन आहेत. दिसतंय तिथे, वेळ आहे तिथे मीही मोजून ब्रेक लावते. मला काळजी आहे ती वेळच मिळणार नाही तेव्हाची. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. डोळ्यांनी पाहून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. एवढं अंतर गेल्यावर जे उरतं त्यात माणूस मोजत नाही, घट्ट आवळतो. मीही आवळेन. त्या आवळण्याने मी पडू नये, एवढ्यासाठी हे वीस हजार आहेत.

पुण्यातले रस्ते तुम्हाला गाडीतून दिसतात, दुचाकीवरून ते वेगळेच असतात. पहिला पाऊस पडला की वर्षभराचं ऑइल वर येतं, सिग्नलजवळ सगळ्यात जास्त, म्हणजे नेमकं ब्रेक लावायचा तिथेच. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, खोदकामाच्या कडेला ओतलेली खडी. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तर साऱ्या पुण्याला माहीत आहे. तिथे ट्रकच्या मागून येताना माझे हात आपोआप लिव्हरवर असतात. कर्वे रोडला समोरची रिक्षा प्रवासी दिसला की जागच्या जागी थांबते. या सगळ्यात चूक कुणाची हे नंतर ठरतं. आधी थांबावं लागतं.

गेल्या रविवारी पावसाची भुरभुर थांबल्यावर पाषाणकडच्या एका रिकाम्या रस्त्यावर एबीएसवाली चालवून पाहिली. मालक बरोबर होता. ताशी ४०ला गाडी अगदी सरळ धरून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. लिव्हर बोटांखाली थरथरायला लागली, पायाखालचं पेडल टकटक करायला लागलं, आणि गाडी रेषा न सोडता थांबली. ती थरथर म्हणजे बिघाड नव्हे. पहिल्यांदा जाणवली की हात सोडावासा वाटतो, आणि तोच सोडायचा नसतो. २०१८च्या गाडीवर हा प्रयोग मी केला नाही, करणारही नव्हते.

एबीएस म्हणजे कवच आहे असं मला वाटत नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी जाहिरातीला भुलली. सैल खडीवर, चिखलात एबीएसने गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. वळणावर गाडी कललेली असताना जोरात ब्रेक लावला तर या गाडीचं एबीएस सांभाळून घेईलच असं नाही. गाडी किती कलली आहे ते ओळखणारं एबीएस महागड्या गाड्यांत येतं. केटीएमच्या २०२२च्या आरसी ३९०ला आहे, ती माझ्या ऐपतीबाहेरची आहे. टायर गुळगुळीत झाला असेल तर कोणतीच यंत्रणा पकड निर्माण करत नाही. म्हणून वळणाच्या आधी वेग कमी करायचा, हा तुमचा नियम तसाच राहील.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या वाहनविमा कंपन्यांच्या संस्थेने त्याच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली. एबीएसवाल्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. जो जास्त पैसे देऊन एबीएस घेतो तो मुळातच जपून चालवणारा असेल, असं कुणी म्हणू शकेल, आणि त्यात तथ्यही असेल. पण नोंद झालेल्या आकड्यांतून एवढं दिसत असेल तर मला ते पुरेसं आहे.

बाबा, तुमचा एक मुद्दा मात्र मला मनापासून पटला: त्या वीस हजारांत चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे येतील. येतील. पण हेल्मेट पडल्यावर कामाला येतं, एबीएस पडण्याआधी. दोन्ही हवं. म्हणून आयएसआयचं फुल-फेस हेल्मेट आणि हातमोजे आताच घेतेय, जॅकेट दिवाळीच्या बोनसवर. मोबाइल बदलायचा होता, तो राहू दे. बाजारात ब्रेकच्या नळीत बसवायचे ‘एबीएस’ नावाचे स्वस्त तुकडे मिळतात, २०१८च्या गाडीचा मालक तेच बसवून देतो म्हणत होता. त्यात ना सेन्सर असतो ना ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारं मॉड्युलेटर. खरं एबीएस नंतर बसवून घेणं परवडणारं काम नाही, ते गाडीबरोबरच यावं लागतं. म्हणून हा निर्णय आज घ्यायचा आहे, पुढे ढकलता येत नाही.

आई, तुला एवढंच सांगते. तू मला ॲक्टिव्हावरही जाऊ नको म्हणाली होतीस, आणि नंतर तिच्यावर बसून माझ्याबरोबर सारसबागेला आलीस. ही गाडी मला खरंच आवडते, लहानपणापासून आवडते, आणि ती आवडते म्हणूनच ती नीट थांबली पाहिजे याची काळजी मी सगळ्यात आधी केली. पावसाळ्यात घाटात जाणार नाही, रात्री हायवेला काढणार नाही, हा शब्द तुला दिलाय तो कायम आहे. कराडला येताना मी बसनेच येईन.

आता एक काम बाबांकडे. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला या, व्यवहार तुमच्यासमोर करायचाय. गाडीच्या आरसी बुकावर उत्पादनाचा महिना पाहायचा आहे. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी दिव्याशी खेळ केलाय, विझलाच नाही तर बहुधा सेन्सर किंवा रिंग खराब आहे. पंक्चर काढताना ती रिंग वाकवून ठेवलेली असते म्हणतात, चाक फिरवून तुम्ही बघा. ब्रेक ऑइल काळं पडलं असेल तर बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागायचा, आणि ते बोलणं तुम्हीच करा, मला जमत नाही. मालकाला दहाची वेळ दिलीय. स्वारगेटला घ्यायला मी येते.

येताना आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणा.

तुमची,
मंजू