कार्डाआधी एसएमपीएसचं लेबल वाच

पुणे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात फोन, आणि तुझं एकच पालुपद, "कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड गेलं रे, कुठलं घेऊ ते एका वाक्यात सांग." एका वाक्यात सांगितलं असतं तर तू रात्रीच ऑनलाइन मागवून मोकळा झाला असतास. तुझा स्वभाव काय मला नवा आहे? म्हणून फोनवर मुद्दाम गुळमुळीत बोललो. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर अंगठा दाखवून विसरला असतास. तेव्हा हे पत्र, आणि ते मशीनशेजारी बसून वाच.

पहिलं म्हणजे मशीन मेलेलं नाही. आपल्या आय५-४५७० प्रोसेसरच्या पोटातच इंटेलचं एचडी ४६०० ग्राफिक्स आहे. कार्ड होतं म्हणून गेली अकरा वर्षं ते झोपा काढत होतं. मशीन बंद कर, प्लग काढ, कार्डाचा मागचा स्क्रू सोडव, खाचेच्या टोकाची कडी दाब आणि कार्ड सरळ वर उचल. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्याच मागे लाव. चित्र आलं की तुझ्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं सगळं चालू. ओंकारचा खेळ तेवढा थांबेल, पण त्याबद्दल वहिनींची काही तक्रार असेल असं मला वाटत नाही.

कार्ड हातात आलंच आहे तर त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरव, पंख्यातली लोकर काढ आणि एकदा परत बसवून बघ. तुमच्याकडच्या पावसात कॅबिनेटच्या आत काय काय नांदतं ते मी पाहिलंय. रॅमच्या खाचेत मुंग्यांनी अंडी घातली होती ते आठवतं ना? पण आधी हिरवे-गुलाबी चौकोन आणि मग काळोख, असं तू म्हणालास, त्यावरून मेमरीच्या चिपा नाहीतर त्यांचे टाके गेले असावेत. कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करणारे महाभाग तुला यूट्यूबवर भेटतील. भाजलेलं कार्ड चार दिवस चालतं आणि परत जातं, आणि त्या ओव्हनमध्ये नंतर नानकटाई करायची कुणाची हिंमत होत नाही. तो उद्योग नको.

तसंही आपल्या ७५० टीआयचं वय झालंच होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बाजारात आलेलं कार्ड ते. एनव्हिडियाने मॅक्सवेल (आपलं याच पिढीतलं) आणि पास्कल या दोन्ही पिढ्यांचे खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, यंदा ऑक्टोबरात थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही तीन महिन्यांतून एकदा. त्याच महिन्यात, १४ तारखेला, विंडोज १० चाही आधार सुटला. दोघं एकदमच रिटायर झाले म्हण. हे एवढ्यासाठी सांगतोय की तुझा तो कणकवलीचा ओळखीचा माणूस तुला १०५० टीआय 'अगदी स्वस्तात' देतोय. ते पास्कलचं कार्ड आहे, २०१६ चं. म्हातारा गेला म्हणून दुसरा म्हातारा आणण्यासारखं होईल.

आता खरी गोष्ट. लॅमिंग्टन रोडचा तो दिवस आठव. ग्रँट रोडला उतरून चालत गेलो, दहा दुकानं पालथी घातली, प्रत्येकाने चिटोऱ्यावर आकडे लिहून दिले. दोघांनी एकसारखी मशीन घ्यायची, म्हणजे एकाचं बिघडलं तर दुसऱ्याचं उघडून बघता येईल, ही तुझी कल्पना. प्रोसेसर आणि कार्ड ऐटीत घेतलं आणि पैसे संपत आले तसा बाकी सगळ्यावर हात आखडला. मदरबोर्ड घेतला एच८१ चा, म्हणजे त्या पिढीतला सगळ्यात किफायतशीर. आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा? तो कॅबिनेटबरोबर आलेला. "साडेचारसौ वॉट है साब, बहुत है." आपण मान डोलावली, खोकी सीएसटीवर नेली आणि कोकणकन्येत रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. कुडाळ येईपर्यंत माझी मान अवघडली होती.

त्या 'बहुत है'ची किंमत मी भरली आहे, तुला कधी सांगितली नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून चलन कमावणं, कायमचं बंद केलं आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. मीही हुरळलो. एका दुकानातून आरएक्स ५८० उचललं, ८ जीबीचं, निम्म्याहून कमी पैशांत. माझ्या एसएमपीएसला आठ पिनांची वायरच नव्हती, तर दुकानदाराने दोन मोलेक्समधून (जुन्या चार पिनांच्या जोडण्या) आठ पिना काढणारी एक पिळवटलेली वायर फुकट दिली. घरी लावलं. डेस्कटॉप आला, मी खूश. खेळ सुरू केला, आणि मिनिटभरात ठप्प काळोख. मला वाटलं लाइट गेली. छताचा पंखा तर फिरत होता. तीनदा तेच. चौथ्या वेळी वास आला. वायरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं.

मग मी पहिल्यांदा एसएमपीएस बाहेर काढून त्याचं लेबल नीट वाचलं. तूही आता तेच कर. वर ठळक ४५० लिहिलेलं असेल, ते सोड, ते शोभेचं. खाली बारीक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ. माझ्याकडे १६ होते. १२ गुणिले १६, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते याच १२ व्होल्टच्या ताटात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटेला टाकून बेरीज फुगवलेली असते. आपला प्रोसेसर ८४ वॅटचा. आरएक्स ५८० हे १८५ चं. झाले २६९. घरात १९२ चा शिधा आणि पंगत २६९ ची. ७५० टीआय इतकी वर्षं निमूट चाललं ते ६० वॅटवर भागत होतं म्हणून, आपल्या हुशारीने नव्हे.

(त्या कार्डाची आणखी एक गंमत. जीपीयू-झेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये बघितलं तर शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) २३०४ च्या जागी २०४८. म्हणजे नाव तेच, आतला माल कमी कापाचा. जुनं कार्ड घेताना पैसे देण्याआधी दुकानातच हा प्रोग्राम चालवून बघायचा, हे मी शिकलो ते पैसे दिल्यावर.)

म्हणून माझा हट्ट असा की कार्ड कुठलंही घे, आधी एसएमपीएस बदल. अकरा वर्षांत त्यातले कपॅसिटर सुकलेले असणार, त्यात तुमच्याकडे दमट हवा आणि दिवसातून चारदा ये-जा करणारी लाइट. ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ छापाचा (वीज कमी वाया घालवतो याची खूण), नावाजलेल्या कंपनीचा. तीनेक हजारांत येतो. हे पैसे दिसत नाहीत, ओंकार तर तोंड वाकडं करणारच, पण पुढचं मशीन घेशील तेव्हाही तोच वापरता येईल.

आता खाच. हे जरा किचकट आहे, पण तुझ्यासारख्या गणिताच्या मास्तरला दोन मिनिटांत कळेल. एच८१ ची कार्डाची खाच पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीची. तिच्या सोळा मार्गिका, दर मार्गिकेवरून सेकंदाला ५०० एमबी, एकूण ८ जीबी. जुनी कार्डं सोळाही मार्गिका वापरायची. हल्लीची स्वस्त कार्डं खर्च वाचवायला आठच वापरतात, आणि एएमडीची आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी तर चारच. चौथ्या पिढीच्या नव्या बोर्डावर त्या चारांतूनही ८ जीबी जातात, तिथे निभावतं. तुझ्या बोर्डावर त्याच चारांतून जातील २ जीबी. त्यात कार्डावर मेमरी सहसा ४ जीबीच. ती भरली की उरलेला माल मशीनच्या रॅममधून याच बोळातून आणायचा. फोंडा घाटात एकेरी वाहतूक असली की काय होतं तेच. आणि या दोन्ही कार्डांवर व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे रेकॉर्डिंग दाबून लहान करणारा भागच ठेवलेला नाही. तू ओबीएसवर धडे रेकॉर्ड करतोस ना? सगळा भार त्या बिचाऱ्या चार कोअरवर पडेल आणि भूमितीची आकृती धक्के खात सरकेल. तेव्हा ही दोन बाद. इंटेलचं आर्क ए३८० तुला कुणी सुचवेल. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसण्याची सोय) लागतो, आणि इंटेल स्वतःच दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर मागतं. आपला चौथ्या पिढीचा. तेही बाद.

राहिली तीन. आरएक्स ६६०० तिघांत सगळ्यात वेगवान. ८ जीबी, १३२ वॅट, आठ मार्गिका. वीस हजारांच्या पुढे जातं. पण चार कोअरचा आपला प्रोसेसर त्याला कामच पुरवू शकणार नाही. बैलगाडीला ट्रकचं इंजिन. पुढच्या वर्षी अख्खं मशीन बदलायचं पक्कं असेल आणि तेव्हा हेच कार्ड तिकडे न्यायचं असेल, तरच. आणि मशीन बदलायचं आत्ता मनातही आणू नकोस. नव्या मशीनला लागणाऱ्या डीडीआर५ रॅमचे भाव गेल्या दोन-तीन महिन्यांत असे भडकलेत की आमच्या ऑफिसातल्या माणसाने कोटेशन परत मागवलं, चुकून छापलंय असं वाटून.

दुसरं, जुन्या बाजारातलं जीटीएक्स १६६० सुपर. मला मनापासून आवडणारं कार्ड. ६ जीबी, १२५ वॅट, एन्कोडर उत्तम, आणि सोळाच्या सोळा मार्गिका वापरतं, म्हणजे तुझ्या जुन्या खाचेचं पुरेपूर सोनं. पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीचं असल्याने ड्रायव्हरही अजून चालू आहेत. पण २०१९ चं कार्ड, मायनिंगवाल्यांचं लाडकं. कुणी रात्रंदिवस पिळून घेतलेलं तुझ्या गळ्यात पडलं तर तू कुडाळहून कुणाशी भांडणार? मी पुण्यात असून भांडू शकलो नाही.

म्हणून तिसरं, आणि माझं मत याला. आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं. हे 'पण' नीट वाच. याच नावाचं ८ जीबीचंही आहे, २०२२ चं, १३० वॅटचं. फेब्रुवारी २०२४ ला आलेलं ६ जीबीचं ७० वॅटवर चालतं, आणि खाचेतूनच ७५ मिळतात म्हणून त्याला वेगळी वायर लावावी लागत नाही. म्हणजे मोलेक्सची पिळवटलेली वायर हा प्रकारच आयुष्यातून गेला. मार्गिका आठ, म्हणजे तुझ्या खाचेतून सेकंदाला ४ जीबी. थोडं नुकसान होईल, पण ६ जीबी मेमरी असल्याने सारखं बोळात यावं लागणार नाही. मला सतराएक हजारांचा आकडा ऐकायला मिळालाय, जीएसटीसकट, तीन वर्षांच्या वॉरंटीवर. वेगात ते १६६० सुपरच्या मागेच आहे, हे मी लपवत नाही. पण तुला वेगापेक्षा निवांतपणा हवाय. ओंकारला हवा असेल वेग, तो कमवायला लागला की घेईल.

घेशील तर एकाच पंख्याचं, आखूड घे. तीन पंख्यांचं कार्ड आपल्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या खणाला धडकेल. आणि तुझा मॉनिटर अजून निळ्या व्हीजीए वायरवर आहे. नव्या कार्डांना व्हीजीए नसतं. दोन-तीनशे रुपयांचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो, तो कार्डाबरोबरच मागव, नाहीतर पार्सल उघडून बसशील आणि लावायला भोकच नसेल.

ओंकारला एक सांग. विंडोज ११ कुठल्यातरी आडवाटेने आपल्या मशीनवर चढवू नकोस म्हणावं. त्याचा तो व्हॅलोरंट खेळ विंडोज ११ दिसलं की टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतो, आणि ते आपल्या बोर्डावर नाही. विंडोज १० ला सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, तेवढी नोंदणी करून टाक. आणि नव्या कार्डावर पडदा काळाच राहिला तर बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट करावं लागेल कदाचित. ते मात्र तू एकटा करू नकोस. मधेच लाइट गेली तर बोर्डाचंच श्राद्ध. शेजारच्या पतसंस्थेतून यूपीएस मागून आणू, मग करू.

मी २६ तारखेला येतोय, चार दिवस आहे. त्याआधी मला तीन गोष्टी पाठव: एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, मागच्या पट्टीपासून हार्डडिस्कच्या खणापर्यंतचं अंतर टेपने मोजून, आणि मॉनिटरच्या मागच्या भोकांचा फोटो. कार्ड आणि एसएमपीएस मी इथून घेऊन येतो, बिल तुझ्या नावावर. प्रोसेसरची पेस्ट मी आणतो, अकरा वर्षांत एकदाही बदललेली नाहीस हे मला ठाऊक आहे. बांगडे तू बघ.

काकूंना नमस्कार, वहिनींनाही. ओंकारला अनेक आशीर्वाद, आणि काढलेलं ७५० टीआय भंगारात देऊ नका. त्याचा पंखा माझ्या कार्डाला बसतो.

तुझा,
दिग्या